पॉलीनने यूट उचलली

वर्कशॉपमधला माणूस सगळं इग्नेशियसला समजावून सांगत होता. प्रश्न पॉलीन विचारत होती आणि उत्तरं इग्नेशियसला मिळत होती. गाडी तिची, कागदांवर नाव तिचं, चालवणारीही तीच. इग्नेशियस बिचारा बँकेतलं सॉफ्टवेअर तपासणारा माणूस. पाना कुठला आणि पक्कड कुठली विचारलं असतं तर त्याला घाम फुटला असता. तो आपला मान डोलावत होता. शेवटी तो माणूस त्यालाच हसून म्हणाला, "मेट, बायकोसाठी एवढी उंच गाडी कशाला? चढता-उतरता त्रास होईल तिला."

पॉलीनने काउंटरवरची किल्ली उचलली. "चल रे," ती नवऱ्याला मराठीत म्हणाली. "हे काम घरी होईल."

"घरी कोण करणार?"

"मी."

पॉलीन तुस्कानो मूळची वसईची. नर्स म्हणून मेलबर्नला आधी ती एकटी आली, नवरा आणि मुलगी मागाहून आले. वेरिबी उपनगरात घर झालं आणि हॉस्पिटलात हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तिची नेमणूक झाली. तिथले एक मोठे सर्जन तिला 'पॉली' म्हणायचे. ऑपरेशनच्या आधी हात धुताना ते हाक मारत आणि ही शेजारच्या नळावर शांतपणे हात धूत राही. एकदा ते चिडले, "ऐकू येत नाही का?" ती म्हणाली, "येतं. पण इथे पॉली नावाचं कोणी नाही." त्या दिवसापासून ती त्यांच्यासाठी पॉलीन झाली.

मुलगी वेंडी युनिव्हर्सिटीत शिकायला गेली, घर रिकामं वाटू लागलं, तेव्हा पॉलीनने ही यूट घेतली. यूट म्हणजे पिकअप. इथे सुतारापासून शेतकऱ्यापर्यंत कुणाकडेही दिसते. पण मिसानंतर चर्चच्या अंगणात ओळखीच्या बायकांनी तिला घेरलं. "अगो, या वयात ट्रक?" पॉलीन म्हणाली, "मग काय, पुढच्या वयात घेऊ?"

वाळूतून, डोंगरातून गाड्या नेणारा आपल्याच लोकांचा एक ग्रुप होता, त्यात ती शिरली. ग्रुपचा कारभार पुण्याचा अजित बघायचा. पहिल्याच सहलीत तिच्या यूटची छोटी चाकं रुतली आणि गाडी पोटावर बसली. अजितने पट्टा लावून ओढून काढली, ते ठीकच. पण त्याच संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला, खाली लिहिलेलं, 'पॉलीनची बोट बुडाली.' सगळे हसले. पॉलीनही हसली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या टायरांची चौकशी करायला निघाली. मोठी टायरं मडगार्डला घासतात. ती बसवायची तर गाडीची वरची बॉडी खालच्या सांगाड्यापासून थोडी वर उचलावी लागते, मध्ये ठोकळे घालावे लागतात. याला बॉडी लिफ्ट म्हणतात. म्हणून त्या वर्कशॉपची पायरी चढली होती.

तिथून परतल्यावर गाड्यांतले बदल तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या एका इंजिनिअरला तिने आधी फोन केला. किती उंची चालेल, कुठले बोल्ट हवेत, सगळं विचारून घेतलं. ठोकळे मागवले. सुट्टी घेतली. ड्राइव्हवेवर यूट लावून बॅटरीच्या वायरी सोडवल्या, स्टिअरिंगचा दांडा मोकळा केला, रेडिएटरचे पाइप आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या तर जाणार नाहीत ना ते हाताने चाचपून पाहिलं.

समोरच्या घरातून ब्रायन नावाचे म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन आले. "चिरडून मरशील, लव्ह."

"म्हणून तर टेकू लावलेत," पॉलीन गाडीखालून म्हणाली. "नो वरीज."

इग्नेशियसला काम काय, तर जॅकपाशी उभं राहायचं आणि सांगेल तेव्हाच दांडा हलवायचा. तो मनात हेल मेरीची प्रार्थना म्हणत होता, ओठ हलताना दिसत होते. डावीकडचे बोल्ट निघाले. जॅकवर लाकडाची फळी ठेवून ती बाजू हळूहळू वर गेली, ठोकळे बसले. उजवीकडे मात्र मागचा एक बोल्ट गंजून बसलेला. तेल मारलं, पान्याला लांब पाइप लावून जोर दिला. खट्कन आवाज झाला आणि बोल्ट जागच्या जागी गरगर फिरू लागला. आत बॉडीच्या पत्र्यात अडकवलेला नट सुटला होता. खालून कितीही फिरवा, निघणार नव्हता.

नेमका तेव्हाच अजित आला. इग्नेशियसनेच घाबरून त्याला मेसेज केला होता. अजितने खाली वाकून पाहिलं आणि हात झटकले. "मी ग्रुपवर म्हटलं होतं ना? हे घरी करायचं काम नाही. आता टोइंगवाल्याला बोलाव. एक बाजू वर, एक खाली, अशी अर्धवट गाडी कोण हातात घेणार, ते मात्र मला माहीत नाही."

पॉलीन गाडीखालून बाहेर आली. कपाळावर गंजाची पूड, कोपर सोललेलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. तिला वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

"वरून उघडावं लागेल," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सीट काढायची, कार्पेट उचलायचं, नटाच्या वरचा पत्रा कापायचा. नट पकडायचा, बोल्ट काढायचा, पत्रा परत बंद करायचा."

"तू चांगल्या गाडीला भोक पाडणार?" अजितचा आवाज चढला.

"माणसांना पाडलेली भोकं रोज बघते. ती माणसं चालत घरी जातात."

ग्राइंडर सुरू झाला तेव्हा इग्नेशियसने तोंड फिरवलं. ठिणग्या विझवायला ओला टॉवेल त्याच्याच हातात होता, पण तो भलतीकडेच धरला होता. पॉलीनने ओरडून जागेवर आणला. पत्र्याची छोटी खिडकी उघडली, आत नट दिसला. तिने तो पकडीने घट्ट धरला.

"अजित, खालून फिरव."

अजित क्षणभर घुटमळला. त्याची पँट पांढरी होती. पण बाई पत्र्यात हात घालून बसलेली, नाही कसं म्हणणार? तो पाठीवर सरपटत आत गेला. बोल्ट निघाला. मग उजवी बाजूही वर गेली, पत्र्याची खिडकी बंद झाली आणि मोठी टायरं चढली.

इंजिनिअरने पहिल्या खेपेला गाडी पास केली नाही. मागची ब्रेकची नळी ताणली जातेय म्हणाला, लांब घाला. पॉलीनने वाद घातला नाही. नळी बदलून घेतली आणि परत गेली. दुसऱ्या खेपेला सर्टिफिकेट मिळालं. तिने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली काही लिहिलं नाही.

ग्रुपच्या मीटिंगमध्ये मात्र नवा नियम पुढे आला: घरी बदल केलेल्या गाड्या सहलीला नकोत. नियम मांडणारा अजित नव्हता, त्याच्या शेजारी बसणारे पद्माकर होते. "वैयक्तिक काही नाही," ते म्हणाले. "सेफ्टीचा प्रश्न आहे."

"वर्कशॉपचा कागद चालतो आणि इंजिनिअरचा चालत नाही?" पॉलीन उभी राहिली. "तुमच्यापैकी किती जणांनी आपली गाडी खालून पाहिलीय? एकदा तरी?"

अजित टेबलाकडे बघत होता.

"कमिटी विचार करेल," पद्माकर म्हणाले.

"करा ना, सावकाश करा. मी येत्या शनिवारी मॅलीच्या वाळूच्या टेकड्यांत जातेय. यायचं त्याने या."

शनिवारी सकाळी इग्नेशियसने थर्मास भरला, पोर्कचं इंदेल आणि पाव बांधून घेतले आणि न सांगता शेजारच्या सीटवर चढून बसला. चढताना दोनदा घसरला. वेंडीने फोनवर विचारलं, "मम, आर यू सीरियसली गोइंग अलोन?"

"अलोन कुठे? डॅडी आहेत."

पेट्रोलपंपावर लीना आणि चिन्मयी आपापल्या गाड्या घेऊन उभ्या होत्या. दोघी ग्रुपमधल्याच, मीटिंगमध्ये मागे बसणाऱ्या. लीनाने काच खाली केली. "आमच्या नवऱ्यांना सांगितलंय, रविवारी रात्री परत येऊ. पुढे कोण राहणार?"

"मी," पॉलीन म्हणाली आणि गिअर टाकला.