पहिली वीट शेवटी

माझे थोरले दीर एव्हारिस्त बेलोने गवंडी होते. त्यांचे आजोबा गुलाम म्हणून जन्मले; लहानपणी मालकाच्या भट्टीवर ओल्या विटा उलटत. एका विटेत त्यांचा पंजा उमटला. सुटका झाल्यावर त्यांनी ती वीट मिळवली आणि न्यू ऑर्लिन्समध्ये आमच्या काळ्या लोकांच्या मंडळाचा हॉल बांधताना पायाशी पहिली तीच बसवली, पंजा आतल्या बाजूला. माझे सासरे पुढे इमारतींचे नकाशे काढू लागले. खाली सही गोऱ्या माणसाची असे. माझा मुलगा ल्युसियन शिकागोत आर्किटेक्ट झाला, स्वतःच्या सहीचा. पण ती वीट आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती.

उड्डाणपुलासाठी आधी रस्त्यावरची ओकची झाडं तोडली, मग हॉलची पाळी आली. आमच्यात घरच्याने बांधलेली भिंत घरचाच माणूस उतरवतो, वरून खाली, थराथराने. एव्हारिस्तनी सत्तरी ओलांडली होती, तरी त्यांनी ठेकेदाराकडे परवानगी मागितली. यंत्र येईपर्यंत काय ते करा, असं तो म्हणाला.

ते एकेक वीट सोडवत, चुना खरवडत आणि आमच्या अंगणात रचत. सोमवारी मी राजमा-भात घेऊन जाई, तो गार होई. ल्युसियन रजेवर आला, त्याने उरलेली भिंत पाहिली.

"काका, पहारीने खालची वीट काढून घेऊ. तासाभराचं काम."

"आणि वरची भिंत?"

"ती तशीही पडणारच आहे."

"पडू दे. मी पाडणार नाही." मग हसून म्हणाले, "शिकागोत भिंत पायापासून उतरवतात का रे?"

मी म्हटलं, "भावोजी, हट्ट सोडा. पंजा तरी हाती लागेल."

"ज्युस्तीन, आजोबांच्या पायाखालची वीट ओढू होय?"

भिंत कमरेएवढी उरली तेव्हा यंत्र आलं. एव्हारिस्त टोपी काढून बाजूला उभे राहिले. नंतर दोघांनी ढिगारा चाळला. सगळे तुकडेच होते, पंजा कुठेच नव्हता.

ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत एव्हारिस्त गेले. अंगणातल्या विटांचं थडगं ल्युसियनने स्वतः बांधलं. थापी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच धरली होती. एक थर तिरका गेला आहे. एव्हारिस्तनी तो उतरवायला लावला असता. दरवर्षी सर्व संतांच्या दिवशी, सगळे आपापली थडगी साफ करतात तेव्हा, आम्ही त्यावर चुन्याचा हात देतो, तरी तो तिरका थर दिसतोच.