जात्यावरची चिकटपट्टी

पिंप्राळ्यात घराच्या पुढच्या पडवीतच आमचं पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. केळीच्या विहिरींवर विजेचे पंप नुकतेच बसू लागले होते. जळालेली मोटार बैलगाडीत घालून आलेला माणूस आधी माझ्या वडिलांना, आबांना, शोधायचा. मी दिसलो की त्याचं तोंड उतरायचं. मला राग यायचा; पण वायरींचा जोड आबांनीच गुंडाळलेला मलाही बरा वाटायचा.

एका थंडीत आबांचा डावा हात अर्धांगवायूने गेला. वायर वाईसच्या लोखंडी जबड्यात धरून ते उजव्या हाताने जोड द्यायला शिकले. अडलं ते काळ्या डांबरी चिकटपट्टीपाशी. गुंडाळी गुडघ्यांत धरायची, पट्टी ओढायची, दातांनी तोडायची. डांबराची चव जेवतानाही तोंडातून जात नसे. एकदा गुंडाळी निसटली ती घरंगळत थेट गटारीत. आबा म्हणाले, "माले दोंडाईचाले बहीणकडे धाडी दे. आठे मी नुसती जागा अडावस."

घाबरलो की मला चिडताच येतं. "कुठे जायचं नाही," म्हणून ओरडलो आणि कामाला लागलो.

खोक्याची फळी घेतली, मध्ये जाड खिळा ठोकला, त्यावर गुंडाळी बसवली, टोकाला करवतीच्या पात्याचा तुकडा. ओढली की पट्टी कट्‌कन तुटे. मी स्वतःवर भलताच खूश. आबांनी ओढली, तर अख्खी फळीच पट्टीमागे निघाली.

"माझ्या हातून तर बरी तुटते!" मी वैतागलो.

"तुना दुसरा हात फळीवर शे," आबा शांतपणे म्हणाले. "तो बांधी ले, मंग बनाड."

खरंच की! फळी मी डाव्या हाताने दाबून धरली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

रागारागाने मी मायकडून डावा हात सुतळीने कमरेशी बांधून घेतला. ती हसत होती. मला मात्र दुसऱ्या दिवशी सदऱ्याची बटणं लावताना रडू आलं. आबा रोज बटणं लावूनच पडवीत येत. कशी लावतात, हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

फळीऐवजी काहीतरी जड हवं होतं. परसात जात्याची खालची तळी पडली होती. वरची फुटलेली, पीठ आता गिरणीतून येई. तळीच्या मधोमधचा लाकडी खुंटा शाबूत होता, गुंडाळी त्यावर नेमकी बसली. पण माय आडवी आली. माझ्या बहिणींच्या लग्नाची हळद त्यावर दळलेली. त्याला डांबर फासायचं? मी दोंडाईच्याचं नाव काढलं. मग तिने दगड धुतला, हळदकुंकू वाहिलं.

"ली जा. पन पाय लागू देऊ नको."

शेजाऱ्याने तळी उचलून बाकावर ठेवली. पातं एका लोखंडी पट्टीला लावून ती दगडाभोवती आवळली. माझा डावा हात अजून बांधलेलाच, म्हणून आवळायला मायचा हात लागला.

आबांनी पट्टी ओढली. दगड जागचा हलला नाही. त्यांनी एक जोड गुंडाळला, मग दुसरा. मी नाक ओढत उभा होतो. मग त्यांनी माझी गाठ सोडायला हात घातला, पण मायची गाठ ती, एका हाताने कुठली सुटते. त्यांनी मला बाकाशी ओढलं, सुतळी पात्यावर ताणून धरली आणि तोडली.

"सुटी गया तुना हात," ते म्हणाले. "आते ती जळेल मोटर आन आठे."