पारूची साडी

हे मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि बायकोला मी काय सांगितलेलं नाही? लग्नाआधीचं प्रेम सांगितलं, चुलत्याच्या बांधावरचा आंबा कुणी तोडला तेही सांगितलं. हे मात्र ओठांपर्यंत आलं की मी भलतंच काहीतरी सांगायला लागतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मधेच मी रंगात येईन — येऊ द्या. माझा दोष तिथूनच सुरू होतो, तो तुम्हाला दिसायला हवा.

आमचं गाव विट्याच्या जवळ. गावातली निम्मी कर्ती माणसं सोनं गाळायच्या दुकानांपायी मुलूखभर पांगलेली. मी मागे राहिलो. मी जत्रेत कुस्त्यांचं समालोचन करतो. दोन पोरं नुसती मान धरून उभी असली, तरी माईकवरून अशी लढत उभी करतो की मागच्या रांगेतले म्हातारे उठून बघायला लागतात. समोरच्याचा चेहरा उजळला की माझी जीभ सुटते. मग तिला मीही आवरत नाही.

विसाव्या वर्षी मी घरातून पळालो. थोरल्या भावाला, आप्पाला, मला गलाईच्या दुकानात धाडायचं होतं आणि मला भट्टीचा धूर नको होता. वर्षानं परत आलो तेव्हा सगळं घर सोप्यात बसलेलं — कुठं होतास? खरं उत्तर होतं : मिरजेत. एका खानावळीत ताटं विसळत. आता तुम्हीच सांगा, घर सोडून पळालेला गडी दोन तासांवरच्या मिरजेत ताटं विसळत होता, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

मी म्हणालो, "कोकणात होतो. दर्यावर."

तिथंच थांबायचं होतं. पण चेहरे उजळले. मग आला काळ्या कड्यांचा रानवट किनारा, केवड्याचं बन, कड्यावरचं एकुलतं घर. घरात म्हादू तांडेल आणि त्याची बायको पारू. वादळात म्हादूची होडी उलटली आणि मी — हो, मीच — त्याला केसांना धरून ओढून काढलं. तेव्हापासून पारूनं मला धाकटा भाऊ मानलं. तव्यावरची पहिली भाकरी माझी. पदराचं टोक दातात धरून हसायची सवय तिला.

ती सवय मी कुठून आणली असेल? समोर बसून ऐकणारीकडून. शालनवहिनी, आप्पाची बायको, मी पळायच्या जरा आधीच घरात आलेली. आमची आई लवकर गेली. पहिली भाकरी माझ्या ताटात वाढणारी तीच होती. तिचंच तिला सांगत होतो आणि तिला ते ओळखू आलं नाही.

मग वर्षं गेली. गोष्ट वाढत गेली. घरातली पोरं मला समुद्रनाना म्हणायला लागली. पुढं मी एका लग्नाच्या निमित्तानं मुंबईला जाऊन समुद्र पाहिला, सिमेंटच्या कठड्याआडून. आपला दर्या यापेक्षा बरा, असं परत येऊन सांगितलं.

वहिनीला कर्करोग निघाला. मिरजेतच उपचार झाले — त्याच मिरजेत. उपचार संपल्यावर डॉक्टरांनी संदीपला, तिच्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं की पुढचं काही हातात नाही. सध्या ताकद आहे तोवर त्यांना कुठं जायचं असेल तर नेऊन आणा. संदीप दुकान कामगारांवर टाकून, गाडी घेऊन गावी आला. आईला विचारलं, कुठं जायचं? तिनं माझ्याकडं बघितलं.

"आवं भाऊजी, आता तुमचा दर्या दावा. आन् पारूवन्संची ओटी भरायची हाय मला. माझ्या दिराला वरीसभर जेवू घातलंय तिनं."

त्या क्षणी बोलायला हवं होतं की नाही? तिनं हसून सोडलं असतं. मला ते माहीत होतं, आजही माहीत आहे. पण सगळं घर माझ्या तोंडाकडं बघत होतं — आणि मी रंगात आलो. अंगणात रांगोळीनं किनारा काढला. इथं कडा, इथं बन, इथं खाडीचं तोंड. कुठं देवदर्शन नाही, खरेदी नाही, धावपळ नाही. सकाळी पायरीवर बसून भरती बघायची. दुपारी केवड्याच्या सावलीत आडवं व्हायचं. संध्याकाळी पाखरं परतताना बघायची आणि पारूच्या हातचं कालवण जेवायचं. वहिनी रांगोळीतल्या घराजवळ उकिडवी बसून विचारत होती, चूल कुठल्या अंगाला हाय? मी म्हणालो, उगवतीला. चुलीची दिशासुद्धा सांगितली मी तिला.

दुसऱ्या दिवशी तिनं विट्याहून हिरवी इरकल साडी आणवली. आजारात स्वतःला एक नवं लुगडं घेतलं नव्हतं तिनं. संदीप म्हणाला, "नाना, गावाचं नाव सांगा, मोबाईलवर रस्ता लावतो." मी एक नाव ठोकून दिलं. त्याला तिथल्या एका हॉटेलचा नंबर सापडला. "उद्या त्यांनाच फोन करून इचारतो, म्हादू तांडेलाचं घर कुठलं."

असा कुणी म्हादू नाही, हे एका फोनवर उघडं पडणार होतं. वहिनी दर्या बघते की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता तिथं संपला. माझी लाज उरते की नाही, एवढाच उरला.

आमच्या घरात लांबच्या प्रवासाआधी गावच्या देवाला कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फुलाची कळी चिकटवायची आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कळ्या लावायचं काम म्हाताऱ्या गुरवांचं. पण त्यांचे हात थरथरतात, म्हणून काही वर्षं आमच्या घरचा कौल मीच लावतो. गावाचा माझ्यावर विश्वास आहे.

उजवी कळी मी ओल्या गंधात बुडवून दाबून बसवली. डावी नुसत्या पाण्याच्या बोटानं टेकवली.

वहिनी खांबाला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मी तिच्या शेजारी बसलो आणि मीही हात जोडले. कुणाला जोडले असतील?

डावी पडली.

"आय, कळी हाय ती," संदीप म्हणाला. "वाळली, पडली. आपुन जाऊ."

"गप रं. न्हाई म्हणतोय त्यो, तर न्हाई."

"बघू की पुढल्या साली," आप्पा म्हणाला. पुढचं साल तिच्यासाठी नाही हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिलाही. संदीपनं मग फोन केला नाही.

इथं थांबलो असतो तर हे एका भित्र्या माणसाचं लबाड काम झालं असतं. वाईट, पण कळण्यासारखं. मी थांबलो नाही.

दोन-चार दिवसांनी ती परसात भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, माझ्याकडनं काय चुकलं असंल वो? येवढंच मागितलं हुतं मी त्याच्याकडं."

काही नाही, म्हणता आलं असतं. माहीत नाही, म्हणता आलं असतं. पण समोर ऐकणारं माणूस होतं आणि त्याला गोष्ट हवी होती. मी म्हणालो, लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही देवाला निवद न दाखवता माहेरी गेला होता, आई त्यावरून काहीतरी बोलली होती, ते राहिलं असेल. आई असलं काही बोलली नव्हती. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा आई जिवंतच नव्हती — पण आजारात तिला एवढा हिशेब कुठला सुचणार? नाही — हेही मी तुमच्यापुढं सावरून घेतोय. वहिनीनं हिशेब केलाच नाही. मी सांगितलं म्हणून तिनं मानलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं चप्पल सोडली. उन्हाळा होता. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर खडी तापते म्हणजे काय ते कसं सांगू? ती रोज सकाळी अनवाणी देवळात जायची, नाक घासून यायची. पायांना चिरा पडल्या. बायको तिच्या पायांना तेल लावायची आणि मला म्हणायची, तुमी तरी सांगा की जाऊबाईंना, तुमचं ऐकत्यात. ऐकत होती, म्हणूनच तर.

एकदा तिनं विचारलं, "परत लावायचा का कौल? आता तरी त्याचा राग गेला असंल." मी म्हणालो, सालात दोनदा विचारत नाहीत. खरं तर असा काही नेम नाही.

शेवटी शेवटी ती अंथरुणातून उठत नव्हती. साडी उशाखालून काढून माझ्या हातात दिली. "तुमी कवा जाल तवा वन्संला द्या. म्हणावं, यायचं लय मनात हुतं. देवानं येऊ दिलं न्हाई." मी साडी घेतली. देवाच्या नावावरचा आळ तसाच राहू दिला.

ती गेल्यावर मी खरंच गेलो. एकटा, साडी पिशवीत घालून, मीच ठोकून दिलेल्या नावाच्या गावाला. कडा होता. केवडाही होता. कड्यावर घर नव्हतं, नुसतं गवत होतं, वाऱ्यानं एका अंगाला पडलेलं. लाटा खडकावर आपटत होत्या. मी जसं सांगितलं होतं तसंच सगळं. मी तिथं थोडा वेळ बसलो आणि परत आलो.

सोप्यात सगळे वाट बघत होते. आप्पानं विचारलं, "भेटली का रं पारू?"

म्हणालो, भेटली. साडी छातीशी धरून रडली. म्हणाली, माझी भावजय मला न बघताच गेली. आप्पा पंच्यानं डोळे पुसत होता. संदीप उठून अंगणात गेला.

परवा वहिनीचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर आप्पा म्हणाला, "ते पारूचं पुन्यांदा सांग रं." मी पुन्हा सांगितलं. या वेळी पारू ती साडी नेसून मला कड्याच्या टोकापर्यंत पोचवायला आली होती.

साडी माझ्या ट्रंकेत आहे. तिची घडी अजून मोडलेली नाही.