क्वाबेनाच्या मामाची अंगठी

प्रबोध पोतदार मूळचा सांगलीचा. लिटल इंडियात एका सराफी दुकानाच्या वरच्या खोलीत त्याची भट्टी होती. जहाजदुरुस्तीतून निवृत्त झाल्यावर मी दुपारचा तिथे जाऊन बसायचो. कानस चालू असताना तो बोलत नसे. मला ते आवडायचं.

२०१४ साली क्वाबेना त्याच्याकडे आला. घानाचा अकान माणूस, मरीन इंजिनीअर, शहराच्या पूर्व टोकाला, पासिर रिसला राहणारा. त्याचा मामा गावचा प्रमुख म्हणून गादीवर बसणार होता. त्यांच्यात गादी आईच्या घराण्याकडून चालते. अंगठी भाच्याने न्यायची ठरली होती. त्याने चित्र आणलं होतं, मगरीच्या जबड्यात मासा. माशाला जे मिळतं ते शेवटी मगरीचं, तसं प्रजेचं ते राजाचं, असा त्याचा अर्थ. मापंही लिहून दिली.

प्रबोधने मेणात मगर कोरली, एकेक दात वेगळा. पण राजाची अंगठी एवढीशी असावी हे त्याला बघवेना. आपल्याकडे दागिना ठसठशीत झाला की गिऱ्हाईक खूश होतं. त्याने पदरचं सोनं घालून मगर दीडपट केली. मेणावर माती चढवली, भट्टीत मेण वितळून गेलं, त्या जागी सोनं ओतलं. अंगठी दोन बोटं झाकत होती. त्याची बायको सुरेखा डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, ही मगर राजालाच खाईल.

क्वाबेनाने अंगठी पाहिली आणि खाली बसला. रागावला नाही. मामाच्या वर मोठा राजा आहे, म्हणाला. त्याच्या दरबारात कुणाचं सोनं केवढं, हे आधी पाहतात.

"ही घालून मामा गेला, तर मान द्यायला नाही, बरोबरी करायला आला असं समजतील."

रविवारी त्याचं विमान होतं.

प्रबोधने कानस उचलली आणि ठेवली. घासून लहान करायची तर दात जाणार. मेणाची मगर भट्टीतच गेलेली. त्याने अंगठी वितळवायला मुशीत टाकली. मला ते बघवलं नाही. तो बघत राहिला.

लहान मगर जास्त अवघड. दात तेवढेच, जागा कमी. पहिल्या ओतकामात शेपटीपर्यंत सोनं पोहोचलंच नाही. त्याने नवं मेण घेतलं. त्या आठवड्यात दुसरं काम हाती धरलं नाही. सुरेखा डबा ठेवून गुपचूप जायची.

शनिवारी क्वाबेनाने अंगठी तळहातावर घेतली. बराच वेळ पाहिली.

"ही मामाची," तो म्हणाला.

प्रबोधने त्याला घालून बघायला सांगितलं. दागिना अंगावर पाहिल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. क्वाबेनाने नकारार्थी मान हलवली. प्रमुखाचं सोनं भाच्याच्या बोटात जात नाही, म्हणाला.

मग प्रबोधने स्वतःचं बोट पुढे केलं, आणि मागे घेतलं. मापाच्या लाकडी दांडीवर अंगठी चढवून पाहिली, मऊ कापडात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी दिली.