सरूबाईंनी स्वतः भरलेला फॉर्म

आंबीच्या सरूबाईंनी बावीस वर्षं एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात काढली. खोक्यावरचा बॅच नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का, एवढंच काम. पण आपल्या हातून एकही चुकीचं खोकं बाहेर गेलं नाही, हे त्या अजून अभिमानानं सांगतात.

गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यातून त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि पंधरा दिवसांत खोकला लागला. कोरडी ढास. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर राहायचं. विहारात रविवारच्या वंदनेला पटकन उठून जाता यावं म्हणून त्या दाराशी बसू लागल्या. सोमाटण्याच्या खासगी डॉक्टरांनी तीन महिन्यांत खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या दिल्या. "धुळीचा खोकला आहे, मावशी. आणि वय झालं आता."

शेजारीण म्हणाली, "ती गोळीच टाकून द्या."

पण रक्तदाबाच्या गोळ्या मनानं सोडल्यावर सरूबाईंच्या भावाचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. त्यांनी गोळी सोडली नाही. सून तेजलकडून भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं आणि गोळी कधी सुरू झाली, खोकला कधी लागला, सगळं त्यावर लिहून काढलं. दोन तारखा एका पानावर आल्या तेव्हा त्या बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सरकारी दवाखान्यात पोचल्या. "सिस्टर, मी काय डॉक्टर न्हाई. पर गोळीच्या आदी मला खोकला नव्हता. हे बगा."

स्नेहल सिस्टरनी कॅलेंडर नीट पाहिलं. "मावशी, या गोळीनं काही जणांना असा खोकला येतो. मनानं बंद केली नाहीत, फार बरं केलंत. डॉक्टर मॅडमना दाखवू. आणि हे वर कळवायला हवं."

"वर म्हंजी कुटं?"

"औषधाचा त्रास नोंदवायला सरकारी फॉर्म असतो, मराठीतसुद्धा. पेशंटला स्वतः भरता येतो. फोनवरूनही सांगता येतं."

"मंग मीच भरते की."

मॅडमनी गोळी बदलली. सरूबाई फॉर्म घेऊन बसल्या. बॅच नंबरचा रकाना आला तसं सिस्टर म्हणाल्या, "हा राहू दे. पाकीट कोण जपून ठेवतंय!"

सरूबाईंनी पिशवीतून चार रिकामी पाकिटं काढली, चष्मा चढवला आणि नंबर खणखणीत वाचून दाखवले.

तीन आठवड्यांत खोकला गेला. पुढे फॉर्म जिथे गेला होता तिथून एक फोन आला; पलीकडच्या बाईंनी तारखा पुन्हा विचारल्या आणि नोंद झाल्याचं सांगितलं. सरूबाई तडक सोमाटण्याला गेल्या. त्यांचं ऐकून डॉक्टर ओशाळले. "मावशी, कोणती गोळी चालू आहे, हे मीच विचारायला हवं होतं."

"आता इचारत जावा," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी दिलेला चहा पिऊनच निघाल्या.

बचत गटाच्या बैठकीत त्यांनी हे सगळं सांगितलं. गटातली सारिका हळूच म्हणाली, "मावशी, नव्या गोळीपासनं माजे पाय सुजत्यात. मला वाटलं, उभ्यानं काम करून आसंल."

"मला बी चक्कर येती," आणखी एक बोलली. मग तिसरी, चौथी.

सोमवारी सरूबाई चौघींना घेऊन दवाखान्यात शिरल्या. प्रत्येकीच्या हातात आपापलं पाकीट होतं. सिस्टरना पेनं कमी पडली.