कवळ्या करणारे आजोबा

आमचे सासरे कवळ्या करतात. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, आणि हे मागच्या खोलीत बसून त्यांवरून मेणात दात रोवतात, हिरड्या घडवतात, पॉलिश करतात. गेली चाळीस वर्षं. त्या खोलीतली प्लास्टरची पांढरी धूळ मी रोज पुसते आणि ती रोज पुन्हा बसते. कामाचा अभिमान इतका, की एखाद्या समारंभात ओळखीचे म्हातारबुवा हसताना दिसले की मला कोपरानं ढोसून विचारणार, "ओळख, यातला खोटा कुठला?" मी म्हणायचं, "कळत नाही, बाबा." मग हे कानाशी येऊन म्हणणार, "सगळे!" हा प्रयोग मी निदान पन्नास वेळा तरी पाहिला असेल.

तर अशा माणसाला माझ्या सहा वर्षांच्या लेकीच्या शाळेनं दातांची काळजी कशी घ्यावी हे सांगायला बोलावलं. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, डब्यात चार कवळ्या घेऊन गेले. हेतू चांगलाच होता. दात घासले नाहीत तर हे असलं घालावं लागेल, असं सांगायचं होतं. पण कवळी हातात आली आणि त्यांच्यातला कारागीर जागा झाला. हिरड्यांचा गुलाबी रंग कसा जुळवायचा, समोरचा एक दात मुद्दाम किंचित तिरका लावला की तो कसा खरा वाटतो, हे सगळं अर्धा तास रंगवून सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

आठवड्याभरात बाईंचा फोन आला. "अहो, पालक तक्रारी करताहेत. मुलं दात घासायलाच तयार नाहीत. तुमच्या घरचे आजोबा सगळ्यांना नवे करून देणार आहेत म्हणे!"

मी पोट धरून हसले. तिथेच चुकलं माझं. कारण आमच्या घरातली बाईसाहेब रोज नुसता ब्रश ओला करून परत ठेवते आहे, हे मला त्यानंतर कितीतरी महिन्यांनी कळलं. आणि मला कळलंच नाही खरं तर. सासऱ्यांनी पाहिलं.

एका दुपारी ती मान मागे टाकून हसत होती. सासरे हातातली मेण कोरायची सुरी खाली ठेवून उठले, तिला खिडकीशी नेलं आणि आ करायला लावलं. खालच्या बाजूला, अगदी मागच्या दाढेवर काळा ठिपका होता. त्यांचा चेहरा पडला.

"दुधाची असेल बाबा," मी म्हटलं. "पडेल आणि नवी येईल."

"दुधाची नाही ही. सहाव्या वर्षी मागून गुपचूप येते, कुणाची जागा न घेता. म्हणून सगळे फसतात. ही आयुष्यभराची. ही गेली की हिच्यामागून काही यायचं नाही."

रोज तिच्या दोन वेण्या घालायला वेळ होता मला, आणि पोरीचं तोंड एकदा नीट उघडून बघायला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सासरे तिथे कवळ्या पोचवायला जातात तेव्हा तासभर गप्पा छाटून येतात. त्या दिवशी खुर्चीच्या पायथ्याशी नुसते उभे होते. डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली तपासलं, फोटो काढला, तो बराच वेळ न्याहाळला.

"कीड वरवरची आहे. नसेपर्यंत गेलेली नाही. साफ करून भरते. अजून चार-सहा महिने गेले असते तर कठीण होतं."

"म्हणजे राहील ना दाढ?" सासऱ्यांनी विचारलं.

"राहील."

"राहील ना?"

"काका, राहील!"

माझा जीव भांड्यात पडला. सासरे स्टुलावर मटकन बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले, पुसतच राहिले.

काम झालं. लेक खुर्चीतून उतरली आणि तोंड पुसत म्हणाली, "काढून टाकली असती तरी चाललं असतं. आजोबा याहून छान करतात."

माझा हात उचललाच जाणार होता. सासऱ्यांनी मला थांबवलं.

इथे एक सांगायला हवं. सासऱ्यांचे स्वतःचे सगळे दात पस्तिशीच्या आत गेले. आत्ताचे वरचे-खालचे, सगळे त्यांच्याच हातचे. धुताना दार लावून घेतात. सासूबाईंनीसुद्धा त्यांना कधी दातांशिवाय पाहिलेलं नाही. त्या माणसानं भर दवाखान्यात, नातीसमोर दोन्ही कवळ्या काढून तळहातावर ठेवल्या. गाल आत गेले, हनुवटी वर आली. पोरगी एक पाऊल मागे सरली.

"हे माझं सगळ्यात चांगलं काम," ते बोबड्या आवाजात म्हणाले. "याहून चांगलं मला जमत नाही. पण चहा किती गरम आहे ते मला घशात गेल्यावर कळतं. मक्याचं कणीस चावून किती वर्षं झाली, आठवत नाही. तुझ्या दाढेसारखी दाढ मला करता येत नाही, बाळा. कुणालाच येत नाही."

स्वतःच्या कामाला नावं ठेवताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या दिवसापासून ती दात घासते, आणि मी शेजारी उभी राहून बघते. पण सासऱ्यांना तेवढ्यानं चैन पडेना. वर्गातल्या बाकीच्यांचं काय? त्यांनी स्वतः बाईंना फोन केला.

सोमवारी मीही गेले. तीस मुलांसमोर त्यांनी पाठ न फिरवता कवळ्या काढल्या. पहिल्या बाकावरचा एक मुलगा रडायलाच लागला. सासरे गोंधळले, तोंडावर हात धरला.

तेवढ्यात आमची लेक उठली, पुढे गेली आणि त्यांचा तो हात ओढून खाली केला.

"घाबरू नका रे," ती वर्गाला म्हणाली. "माझेच आजोबा आहेत. यांचे दात गेले, तेवढंच."

आणि सासरे तिचा हात धरून, सगळ्यांसमोर तसेच, बोळक्या तोंडानं मनमोकळे हसले.