हात मागे बांधणारा देवाजी

देवाजी मोबाइल शिकवायला उभा राहिला की आधी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायचा. कोणी मोबाइल पुढे केला तरी घ्यायचा नाही. बाई रडकुंडीला येवो की चिडून मोबाइल खाटेवर आपटो, त्याचे हात मागेच. "मी दाबलं तं मी शिकलो. तू काय शिकली?" एवढंच म्हणायचा.

तो टेलिफोन खात्यात तारा ओढायचा. उभा जन्म खांबांवर गेला. मग तारा गेल्या, खांब गेले आणि तो रिटायर होऊन अर्जुनी मोरगावला आमच्या गल्लीत राहायला आला. सडपातळ माणूस. चालतानाही नजर वर असायची, जणू अजून तारा तिथेच आहेत. मला तो आधी आवडत नव्हता. रिकामा माणूस मला आवडत नाही, आणि तो दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या ओट्यावर बसलेला असायचा.

माझी मुरमुऱ्याची भट्टी. भिजवलेला तांदूळ तापल्या रेतीत फोडायचा, चाळायचा, पोतं भरून बाजारात बसायचं. सासूही हेच करायची. टाळेबंदीत बाजार बंद पडला. पुढे उघडला, पण मंदी काही उठली नाही. परगावी कामाला गेलेली माणसं रिकाम्या हाताने परतली होती. बाया यायच्या, भाव विचारायच्या, पुढे जायच्या. नंतर नंतर यायच्याही बंद झाल्या. मुरमुरे परत घरी आणायचे आणि नरम पडले की गाईपुढे टाकायचे. त्या काळात आमच्या घरी गाय तेवढी सुखात होती.

शेवटी मुलाने भट्टी मोडायचं ठरवलं. सासूच्या हातची लोखंडी कढई, दोन माणसांनी उचलायची, ती भंगारवाला ठोकून बघून गेला.

त्याच आठवड्यात देवाजी आमच्या ओट्यावर येऊन बसला. बाजारातली सूप-टोपल्यांवाली, लोहार, कुंभार यांना त्याने मोबाइलवर एका ग्रुपात घेतलं होतं. आसपासच्या गावांतली नेहमीची गिऱ्हाइकंही त्यात होती. आज काय माल आहे ते आपण सांगायचं, ज्याला हवं त्याने घरून न्यायचं, नाही तर आपण एसटीत ठेवून द्यायचं. मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, आणि ती बारीक अक्षरं मला दिसत नाहीत.

"लिहाले कोन सांगून राहिलं तुले?" तो म्हणाला. "तोंड आहे ना? साऱ्या बाजाराले मालूम आहे तुहं तोंड."

मी त्याला दोनदा ओट्यावरून उठवून लावलं. तिसऱ्यांदा शिकायला बसले, कारण भंगारवाला पुन्हा येणार होता. रेतीच्या आचेने माझी बोटं अशी झालीत की मोबाइलला ती बोटं वाटतच नाहीत. बोलणं भरायचं बटण दाबून दाबून मी थकले. देवाजी हात मागे बांधून माझ्या बोटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, करंगळी लावून बघ, ती भट्टीपासून दूर राहते. करंगळी लागली. आजही मी करंगळीनेच दाबते. सून हसते. हसू दे.

पण माल जाईना. बोलायचं काय, हे देवाजीनेच ठरवून दिलं होतं, आणि त्याच्या डोक्यात खातं बसलेलं. "सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की आमच्याकडे उत्तम प्रतीचे मुरमुरे उपलब्ध आहेत." मी पाठ करून म्हटलं. टोपल्यांवालीनेही तसंच म्हटलं. लोहार तर श्वास धरून बोलला. बाजारात ज्यांच्या तोंडाला लागायला लोक भितात, ती सगळी माणसं मोबाइलवर सरकारी झाली. कोणी ऐकलं तर ऐकलं, उत्तर एकाचंही नाही.

मग बँकेच्या रांगेत माझी एक जुनी गिऱ्हाईक भेटली. काऊन, भट्टी विकली का, म्हणाली. रोज कोण्या कंपनीची बाई मुरमुऱ्याची जाहिरात पाठवून राहिली, म्हणून तिला वाटलं मी धंदा सोडला.

मी तशीच देवाजीच्या घरी गेले आणि त्याला हे सांगितलं. तो उठला, हात मागे बांधले. "चुकी माही आहे," म्हणाला. "माही भाषा तुह्या तोंडात घातली. आता बाजारात बोंबलते तशी बोंबल."

मी करंगळी दाबली. "ऐ बायांनो, मुरमुरे घ्या! घरी नेऊन नरम निघाले तं आणून माह्या डोस्क्यावर वता!"

करंगळी सोडून घरी पोचते तोच उत्तरं यायला लागली. पहिल्याच बाईने विचारलं, म्हातारे, इतके दिवस मेली होती का? संध्याकाळच्या एसटीत दोन पोती गेली. हळूहळू सगळेच आपापल्या तोंडाने बोलायला लागले आणि ग्रुपात बाजारासारखाच कालवा सुरू झाला. भंगारवाला आला तेव्हा कढई तापलेली होती. त्याला मी मूठभर मुरमुरे देऊन वाटेला लावलं.

देवाजीने याचं कधी काही घेतलं नाही. मुरमुरेही नाही, दात नव्हते म्हणून.

यंदा उन्हाळ्यात तो गेला. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत नव्हता. त्याची मुलगी गोंदियाहून आली. बाजाराला कोणी कळवायचं हे निघालं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मोबाइल काढला. माझी करंगळी त्या दिवशी नीट लागेना. मुलीने हात पुढे केला, म्हणाली, "आण मावशी, मी पाठवून देते."

"हात मागं घे," मी म्हटलं.

ती समजली असावी. हात मागे बांधून उभी राहिली. मी पुन्हा दाबलं आणि बाजारात बोलते तशीच बोलले. "ऐका रे सारे. आपला देवाजी गेला. दुपारी नेऊन राहिले. ज्याले ज्याले त्यानं बोलाले शिकवलं, त्यानं त्यानं या."

दुपारपर्यंत गल्ली भरली. लोहार आला, कुंभार आला, टोपल्यांवाली अनवाणी आली. ग्रुपात दोन गिऱ्हाइकांनी त्याच बोलण्याखाली उद्यासाठी मुरमुरेही सांगून ठेवले होते. माझ्या मुलाला राग आला. मला आला नाही. घरी येऊन मी तांदूळ भिजत घातले.